भोंग्याचा दुसरा आवाज

आमचे हे हल्ली काय करतात, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगून टाकते, 'लोकांना ढेकर द्यायला शिकवतात.' समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो, आणि मी हसत नाहीये म्हटल्यावर त्याची पंचाईत होते. होऊ दे. चारचौघांची पंचाईत केल्याशिवाय माझा दिवस गोड जात नाही, असं यांचंच म्हणणं आहे. पण मी डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगायचं तर ढेकरापासूनच सुरुवात करावी लागते, त्याला मी तरी काय करू?

आधी यांचा आवाज कसा होता ते ऐका. घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचं यांचं काम, आणि सगळा बाजार यांना भोंगा म्हणायचा. पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून यांनी कोबीचा भाव पुकारला की पार पलीकडच्या शेडमधला हमालही हातगाडी थांबवायचा. मालकाने एकदा हौसेनं माइक आणला. यांनी तो तोंडापुढे धरून एकच आरोळी ठोकली, आणि तो बिचारा शिट्टी मारून कायमचा गप्प झाला. घरातही तीच तऱ्हा. जेवताना मीठ मागितलं तर शेजारीण वाटीत मीठ घेऊन दारात हजर. मी म्हणायचे, 'अहो, मी इथंच बसलेय, गावाला नाही गेले.' तर त्यावर जे हसायचे, तेही गावाला ऐकू जाईल असंच.

रविवारी उपासनेत तर विचारूच नका. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. लोखंडी सामानाच्या दुकानावर एक लांबलचक खोली आहे, तिथं बाकं टाकलेली, पुढं एक साधं टेबल. पेटी नाही, वाजवणारंही कुणी नाही. पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगायचे, हे पहिली ओळ उचलायचे, आणि मग सगळे त्यांच्यामागे. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. आणि प्रार्थना? ती कायम मोठ्यानं. मनातल्या मनात प्रार्थना करणं यांना येतच नव्हतं, अगदी खरं सांगते. सकाळी मी चहा टाकत असायचे आणि हे खुर्चीत बसून, 'बापा...' म्हणून जे सुरू व्हायचे, ते कपबशा थरथरायच्या. मी म्हणायचे, 'देव बहिरा नाही हो.' हे म्हणायचे, 'देव नाही गं. पण माझं मलाच ऐकू आलं नाही, तर मी बोललो कशावरून?'

घसा बसला तेव्हा आम्ही कुणीच मनावर घेतलं नाही. दिवसभर ओरडणाऱ्या माणसाचा घसा बसायचाच. गुळण्या झाल्या, काढे झाले, मफलर झाला. घसा काही उघडेना, उलट गिळताना दुखायला लागलं. मग तपासण्या, आणि मग डॉक्टरांच्या खोलीतल्या त्या दोन खुर्च्या. डॉक्टर म्हणाले, 'कॅन्सर आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल.' यांनी खरखरत विचारलं, 'आणि आवाज?' डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, 'आवाज जाईल. माणूस राहील.' मी तिथल्या तिथं म्हटलं, 'माणूस ठेवा.' हे मात्र खिडकीकडे बघत राहिले.

ऑपरेशननंतर माणूस राहिला खरा, पण कसा? गळ्याला पुढच्या बाजूला एक भोक, श्वास तिथून. शिंक आली तरी ती गळ्यातून. नाकातोंडातून वाराच जात नाही म्हणून वास येईना, आणि चहा गरम असला तर फुंकरही मारता येईना. मी यांच्या बशीत फुंकर मारायचे आणि हे माझ्याकडे लहान मुलासारखे बघायचे. भोकावर बांधायला मी मऊ सुती कापडाचे रुमाल शिवले, पांढरे, निळे, एक चौकड्यांचा. बाजाराच्या मालकाने माणुसकी दाखवली, वजनकाट्यावर बसवलं. तिथं बोलावं लागत नाही. ज्या थप्पीवर आपण उभे असायचो तिच्यावर दुसराच कुणी उभा राहून ओरडतोय, आणि आपण काट्याकडे बघत बसायचं. गळ्यात एक छोटी पाटी अडकवलेली असायची, लिहायचं, पुसायचं.

बरं वाटल्यावर पहिल्यांदा उपासनेला गेलो तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला. सगळे उभे राहिले. आणि सगळेच्या सगळे थांबले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो, नुसती सवय! इतक्या वर्षांची सवय, की पहिली ओळ मागच्या बाकावरून येणार. ती येईना म्हणून लोक थांबलेत, आणि ती का येत नाहीये ते एकेकाच्या लक्षात येतंय, आणि ज्याच्या लक्षात येतंय त्याची मान खाली जातेय. खोलीत एवढी शांतता, की खाली दुकानात खिळे तोलत होते त्यांचा आवाज वर येत होता. यांनी तोंड उघडलं. गळ्यातून नुसता फुस्स वारा आला. पुस्तक बाकावर ठेवून हे जिना उतरून निघून गेले. मी चपलासुद्धा उलट्यासुलट्या घालून मागून धावले.

त्या दिवसापासून घर खायला उठलं. सकाळचा चहा तसाच, खुर्ची तीच, पण प्रार्थना बंद. हे हात जोडायचे, थोडं थांबायचे आणि सोडून द्यायचे. मी म्हटलं, 'मनात म्हणा की.' पाटीवर लिहिलं, 'येत नाही.' आणि खाली, 'ऐकत असेल कशावरून?' मग एकदा पाटी माझ्यासमोर धरली ती धरूनच ठेवली. लिहिलं होतं, 'मला कशाला ठेवलंय त्याने?' मीच तर म्हटलं होतं, माणूस ठेवा. मी लाटणं आपटलं आणि छताकडे बघून म्हटलं, 'देवा, विचारतोय ना तो? मग सांग ना! एरवी एवढी लोकं म्हणतात तू बोलतोस, आता का दातखीळ बसली?' हो, म्हटलं मी असं. मला देवाशी गोड बोलता येत नाही, त्यालाही आता त्याची सवय झाली असेल.

पाळकसाहेब घरी यायचे. माणूस मनाचा चांगला, पण म्हणाले, 'ताई, यातही प्रभूची काही योजना असेल.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, 'योजना असेल तर ती त्याने आधी यांना तरी कळवायला हवी होती.' पाळकसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, 'खरं आहे. मलाही कळत नाही.' पुढच्या वेळेपासून ते योजना वगैरे काही बोलले नाहीत. यायचे, यांच्या शेजारी बसायचे, दोघं मिळून वाटाणे सोलायचे. त्या माणसाबद्दल माझं मत तेव्हा बदललं.

हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी यांना आधीच सांगितलं होतं, स्वरयंत्र नसलं तरी बोलता येतं. तोंडात हवा घ्यायची, जिभेनं मागं ढकलून अन्ननलिकेत न्यायची, आणि ढेकर देतो तशी वर आणायची. तो ढेकर वर येताना ओठांनी आणि जिभेनं त्याचा शब्द करायचा. ऐकून मी तोंडाला पदर लावला, हसू आवरेना. बाई म्हणाल्या, 'हसा, सगळेच हसतात. पण येतं.' यांना मात्र येईना. कारण काय, तर जोर! सगळं आयुष्य छातीच्या जोरावर काढलेला माणूस. शब्द काढायचा म्हटलं की छाती भरून जोर लावायचे, आणि जोर लावला की गळ्याच्या भोकातून असा फुत्कार निघायचा की शब्द असला तरी त्यात बुडून जायचा. बाई सारख्या सांगायच्या, 'जोर नको, हळू.' हे आणखी जोर लावायचे. शेवटी यांनी जाणंच सोडलं. तपासणीची तारीखही चुकवली. जेवण अर्ध्यावर आलं. मी कितीही तोंड वाजवलं तरी समोर फक्त कोरी पाटी. मला कळत होतं काय चाललंय. यांना रोगाने सोडलं होतं, पण यांनीच स्वतःला सोडायला घेतलं होतं. माझा जीव टांगणीला लागला.

मग एक दिवस मी यांना अक्षरशः दंडाला धरून तपासणीला नेलं. तपासणी झाली, सगळं ठीक होतं, आणि कॉरिडॉरमध्ये त्या शिकवणाऱ्या बाई भेटल्या. म्हणाल्या, 'बरं झालं आलात. वॉर्डात एक बाई आहे, तुमच्यासारखंच ऑपरेशन सांगितलंय. नाही म्हणतेय. लवकर नाही केलं तर हाताबाहेर जाईल. तुम्ही फक्त समोर उभे राहा, यातून उठून माणूस चालतो-फिरतो एवढं तिला दिसू दे.' यांनी मान हलवली, नाही. मी पाठीत हलकेच बुक्की दिली. गेलो.

ती बाई चाळिशीच्या आतबाहेरची असेल. कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची, म्हणून वॉर्डात सगळ्या तिला बटणवाली म्हणत. बसल्या घशानं पण चांगली फटकळ होती, मला लगेच आवडली. यांच्या गळ्यातला रुमाल बघितला, पाटी बघितली. म्हणाली, 'काका, बटणं लावायला आवाज लागत नाही, तेवढं मला कळतं. नवरा नाही, त्यामुळे भांडायलाही लागत नाही. पण माझी पोर एवढीशी आहे. रस्त्यात हात सोडून पळते. तिला हाक कशी मारू?' खरोखरच एक पोरगी कॉटखाली बसून कुणाच्या तरी चपला ओळीत लावत होती. सांभाळायला घरी कुणी नाही म्हणून दिवसभर आईजवळच असायची.

यांनी सवयीने पाटी पुढे केली. लिहिलं, 'पाटी आहे.'

बटणवालीने वाचलं आणि म्हणाली, 'तिला वाचता येत नाही ना, काका.'

हे तसेच उभे. पाटी हातात, खडू हातात. मग वळले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. मी घाबरले, म्हटलं आता आणखी खचणार. शेजारी बसले तर हे लिहीत होते, खडू दाबून दाबून. पाटी माझ्याकडे वळवली. 'मी रोज त्याला विचारतोय, मला कशाला ठेवलंस. आज तो मलाच विचारतोय, हिने हाक कशी मारायची.'

मी आयुष्यभर उपासनेला बसलेय, लोकांनी सांगितलेल्या देवाच्या साक्षी ऐकल्यात, रडलेय पण. पण देव इतक्या जवळ येऊन बसलाय आणि मला हातपाय कुठं ठेवावेत कळत नाहीये, असं मला तोवर कधी झालं नव्हतं. मी काहीच बोलले नाही. मी! हे उठले आणि कुणी न सांगता त्या शिकवणाऱ्या बाईंचं दार वाजवलं.

डॉक्टरांनी बटणवालीला विचार करायला थोडे दिवस दिले होते. तेवढ्यात यांना बोलता यायला हवं होतं. घरात सोड्याच्या बाटल्या आल्या, कारण सोड्यानं ढेकर लवकर येतो. आणि मग काय सांगू, आमच्या घराचा ढेकरखाना झाला! जेवण नसताना ढेकर, अंघोळीला जाताना ढेकर. शेजारणीनं काळजीनं विचारलं, 'पोट बिघडलंय का हो?' मी म्हटलं, 'नाही, घसा दुरुस्त होतोय.' बाईंनी सांगितलं होतं की प, ट, क, ब ही अक्षरं सोपी, ओठ नाहीतर जीभ आपटली की हवा आपसूक आत जाते. हे आरशापुढे बसून प, प, ट, ट करायचे. नुसता फुत्कार. घाम निथळायचा. रागाने एक बाटली मोरीत ओतली यांनी, आणि मग स्वतःच जाऊन दुसरी आणली.

एका सकाळी मी चहा ठेवून वळले तर हे खुर्चीत डोळे मिटून बसलेले. हात जोडलेले. ओठ बंद. गळ्यातला श्वास अगदी हलका, झोपेत असतो तसा. जोर कुठेच नाही, ना छातीत, ना मानेत. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. हा माणूस मनातल्या मनात प्रार्थना करत होता. स्वतःलासुद्धा ऐकू येत नसलेली. किती वेळ गेला कोण जाणे, चहा उतू गेला, मी गॅसकडे गेलेच नाही. आणि मग यांचे ओठ उघडले आणि खोल कुठून तरी, जाडाभरडा, खडबडीत, अर्धवट ढेकर आणि अर्धवट आवाज असलेला शब्द बाहेर आला.

'बापा.'

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मी हसत होते की रडत होते, मला सांगता यायचं नाही. आवाज म्हणाल तर बेडकालाही लाज वाटेल असा. पण मी शपथेवर सांगते, कपबशा थरथरवणाऱ्या त्या जुन्या आवाजात इतकं कधी काही नव्हतं. स्वरयंत्र काढलेल्या गळ्यातून देवाचं नाव निघालं होतं, आणि ते आमच्या स्वयंपाकघरात. मी खाली फरशीवर बसले.

त्यानंतर एकेक शब्द यायला लागला, कधी यायचा, कधी दगा द्यायचा. पण दिवस संपले होते. आम्ही वॉर्डात पोचलो तर बटणवाली पिशवी भरून कॉटवर बसलेली. 'जाते काका,' ती म्हणाली. 'आहेत तेवढे दिवस पोरीशी बोलून तरी घेईन.'

हे तिच्यासमोर उभे राहिले. बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि घात झाला. घाईनं जुना जोर वर आला, गळ्यातून फुत्कार, शब्द नाहीच. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा फुत्कार. बटणवालीने मान फिरवली. तिला यांची दया आली होती आणि तिला ती दाखवायची नव्हती. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. यांनी पाटीवर लिहिलं, 'पोरीला काय म्हणतेस?'

'पिटुकली,' ती म्हणाली.

पोरगी वॉर्डाच्या दारातून दिसणाऱ्या कॉरिडॉरच्या टोकाला होती. आमच्याकडे पाठ करून उकिडवी बसलेली, औषधांच्या ट्रॉलीचं चाक बोटानं फिरवत. यांनी पाटी पुसली, गळ्यातून काढली आणि माझ्या हातात दिली. डोळे मिटले. खांदे खाली गेले, छाती खाली गेली. आजूबाजूला भांड्यांचा आवाज, नर्सची धावपळ, आणि हे असे उभे की जणू कुणाच्या तरी पुढे उभे आहेत. मीही डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाला विनवणी केली, 'फक्त हे एक दे.'

'पि... टुक... ली.'

चाक थांबलं. पोरगी वळली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि एवढ्या माणसांत नेमकी यांच्यासमोर येऊन, मान वर करून उभी राहिली. जराही घाबरली नाही. म्हणाली, 'तू बोलावलंस मला?'

यांनी मान डोलावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

'मग काय पाहिजे?' तिनं विचारलं.

अख्खा वॉर्ड हसला. नर्ससुद्धा. यांच्या हसण्याला आवाज नव्हता, पण सगळं अंग हसत होतं. पोरीला हा खेळच वाटला. पळत पुन्हा टोकाला गेली, पाठ करून उभी राहिली आणि ओरडली, 'परत!' यांनी परत हाक मारली. ती परत आली. परत गेली. बटणवालीने पिशवी पायानेच कॉटखाली सरकवली, नर्सला नुसतं म्हणाली, 'डॉक्टरांना सांगा, मी थांबतेय,' आणि पोरीवरून नजर काढली नाही. पोर पळत होती, हे हाक मारत होते, आणि प्रत्येक हाकेबरोबर तिच्या आईचे ओठ हलत होते.